स्तामेनची लाडा

माझा हात रंगावर बसलेला आहे, हे मीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात दुसऱ्याचं कौतुक करायची कुणाला सवय नाही. तीस वर्षं गॅरेजात खऱ्या गाड्या रंगवल्या आणि आता तळहातावर मावणाऱ्या खेळण्यातल्या धातूच्या गाड्या रंगवतो. लोक जुने फोटो घेऊन येतात, कुणाला वडिलांची मॉस्कविच हवी असते, कुणाला पांढऱ्या टपाची ट्राबांट, आणि मी तशीच एखादी छोटी गाडी पैदा करतो, तिच्या बुडाचे दोन रिव्हेट ड्रिलने उडवतो, सांगाडा, काच, सीटा, चाकं सुटी करतो, सांगाडा रंग काढायच्या द्रावणात बुडवतो आणि खालच्या उघड्या, राखाडी धातूवर पहिल्यापासून रंग चढवतो. तयार गाडी हातात घेऊन माणसं रडतात. रडोत बापडी, मला त्याचं काही नाही. फक्त हात न पुसता गाडी धरली की माझं डोकं फिरतं, कारण बोटांचे ठसे वरच्या चकचकीत लाखेवर उठतात आणि मग जाता जात नाहीत.

फेब्रुवारीत एका दुपारी नेव्याना वहिनी चार जिने चढून माझ्याकडे आली. माझ्या थोरल्या भावाची, स्तामेनची, ही विधवा. अकरा वर्षं झाली तरी तिने काळे कपडे सोडलेले नाहीत. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली,

"रांगेल, स्तामेनची लाडा करून दे."

मी ब्रश धूत राहिलो. "फोटो आणलास का?"

"तुला फोटो कशाला हवा? ती गाडी तूच तर रंगवली होतीस."

"वहिनी, ज्या गाडीत दादा गेला, तीच गाडी शोभेला ठेवणार तू?"

"त्या गाडीत तो एक दिवस मेला, रांगेल. बावीस वर्षं जगलाही होता. आणि मला नकोय ती. माझ्या ओग्न्यानला हवीय. म्हणजे, त्याच्या घरात मला ती हवीय."

इथे थोडं सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी सेंट जॉर्जच्या सणाला आम्ही दोघे भाऊ द्राक्षमळ्यावरच्या जेवणाहून परतत होतो, पोटात कोकराचं मटण आणि राकियाची कडक दारू होती, आणि वळणावर लाडा अक्रोडाच्या झाडावर गेली. स्तामेन जागच्या जागी गेला. माझं गळपट्टीचं हाड मोडलं, बाकी मला ओरखडाही नाही. स्तामेन चालवत होता आणि पिऊन होता, हे पोलिसांच्या कागदावर आहे आणि गावाच्या तोंडावर आहे. आमच्याकडे दर वर्षी मेलेल्या माणसाचा फोटो छापलेला कागद दारावर आणि विजेच्या खांबावर चिकटवतात. चौथ्या वर्षी कुणा हलकटाने खांबावरच्या फोटोत स्तामेनच्या ओठांना पेनाने बाटली लावली. ते ओग्न्यानने, स्तामेनच्या पोराने, पाहिलं. त्याच आठवड्यात तो जर्मनीला निघून गेला. बापाचा फोटो त्याच्या घरात नाही. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्याला मी भिंतीवर टांगणार नाही, असं त्याने आईला फोनवर तोंडावर सांगितलं.

"या सणाला येतोय," वहिनी म्हणाली. "फोटो तो घेणार नाही. पण त्या गाडीच्या मागच्या सीटवर लहानाचा मोठा झालाय. गाडीला नाही म्हणणार नाही."

मी करून देतो म्हणालो. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्हा छोट्या गाड्यावाल्यांचा अदलाबदलीचा बाजार भरतो, तिथे मी प्रोदानकडून एक लाडा घेतली. लाल, पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात सीलबंद, कुणाचा हात न लागलेली. सोमवारी सकाळी फुगा फोडला, रिव्हेट उडवले, सांगाडा द्रावणात सोडला. अर्ध्या तासात लाल रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि चिमट्याने उचलून मी सांगाडा नळाखाली धरला. खाली धातू नव्हता. खाली फिकट कॉफीचा रंग होता, जास्त दूध घातलेल्या कॉफीचा, एकसारखा, सुकलेला, ब्रशने नव्हे तर फवाऱ्याने मारलेला. स्तामेनच्या गाडीचा रंग. मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. डावीकडचा पुढचा मडगार्ड बाकी अंगापेक्षा एक छटा गडद होता.

ती छटा माझी आहे. एकदा स्तामेनने फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती, मडगार्ड मी रंगवून दिला आणि रंग जुळला नाही. "माझ्या भावाने गाडीला एकाच पायात मोजा घातलाय," असं तो पुढे कित्येक वर्षं ज्याला त्याला हसत सांगायचा. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

मी तसाच प्रोदानच्या घरी गेलो. प्रोदान जाड्या, गाड्या विकतो त्याहून जास्त बोलतो. त्याच्या स्वयंपाकघरात टेबलावर मी तो सांगाडा आपटला.

"मला उल्लू बनवतोस काय रे?"

"तुला बनवायला आता काही शिल्लक राहिलंय का?" तो पाव चघळत म्हणाला. मग त्याने सांगाडा उचलून उलटापालटा केला. "झकास झालाय की. मग बोंबलतोस कशाला?"

"मी रंगवलेला नाही. लालच्या खाली हा होता."

"फुगा कुणी फोडला? तूच ना? मग आत शिरून मी रंगवला होय? डोळे तपासून घे, रांगेल, आणि ते द्रावण हुंगत बसू नकोस, खिडकी उघडत जा." त्याने पुन्हा मडगार्डाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दादाची काय?" त्याने मला कॉफी दिली आणि दुसरंच काहीतरी बोलत बसला.

दुसरी लाडा मी वार्ना शहरातल्या अनोळखी माणसाकडून टपालाने मागवली. पांढरी, सीलबंद. तिचा पांढरा रंग उतरला आणि खाली तीच कॉफी, तोच गडद मडगार्ड. तिसरी मागवायची माझी हिंमत झाली नाही. काम वाचलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि रंग जुळवायची कटकट खरोखरच वाचली होती. मला फक्त लाख मारायची, दिवे आणि नंबरपट्टी रंगवायची आणि भाग जोडायचे एवढंच उरलं. बारीक ब्रशने मी नंबर लिहिला. हात जराही थरथरला नाही. त्याचं मला आत कुठेतरी वाईट वाटलं.

मग सीटा बसवायला घेतल्या. या छोट्या गाड्यांच्या आतल्या सीटा म्हणजे काळ्या प्लास्टिकचा एकच ओतीव तुकडा असतो, सुटं काही नसतं, हलणारं तर नाहीच. पुढच्या दोन्ही सीटा एका रेषेत असतात. या तुकड्यात चालकाची सीट पुढे होती. गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतराने, पण पुढे, स्टिअरिंगला जाऊन भिडलेली. साच्यातली चूक म्हणून मी ती पात्याने कापली, मागे सरकवून चिकटवली आणि जेवायला गेलो. परत आलो तर ती पुढे होती आणि कापल्याची खूण कुठेच नव्हती. दुसऱ्या लाडातला तुकडा काढून बसवला. तो हातात असताना ठीक होता. सांगाडा चढवला, खिडकीतून डोकावलो, सीट पुढे.

स्तामेन माझ्याहून डोकंभर उंच होता. त्याची सीट कायम शेवटच्या खाचेपर्यंत मागे असायची, त्याच्या मागे बसणाऱ्याला पाय आडवे घ्यावे लागत. मी बुटका. ती गाडी मी आयुष्यात एकदाच चालवली, त्या सणाच्या संध्याकाळी, कारण दादाला जास्त झाली होती आणि मला वाटलं होतं की मला कमी झालीय. सीट मीच पुढे ओढून घेतली होती. पुढचं काय सांगू? झाडावर आदळल्यावर तो शेजारी मान टाकून बसला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, माझं एक हाड मोडलं होतं आणि तरीही दुसऱ्या हाताने मी त्याला ओढून स्टिअरिंगमागे बसवलं. मेलेल्याला काय फरक पडणार, असा विचार मी केला. हो, केला. पण सीट मागे करायचं त्या घाईत राहून गेलं आणि पुढे महिनोन्‌महिने मी वाट पाहत होतो की कुणीतरी विचारील. कुणी विचारलं नाही. कागदावर काहीच आलं नाही, तेव्हा नशीब म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला.

मी लाडाला धुरकट काचा बसवल्या, बूड चिकटवलं आणि बंद करून ठेवली.

सणाच्या दिवशी सकाळी वहिनी आली. हातात उकडलेल्या गव्हाचं भांडं होतं, वर साखर आणि अक्रोड घातलेलं, कबरीवर वाटायचं. तिने ते खाली ठेवलं, हात काळ्या झग्याला नीट पुसले आणि मगच गाडी उचलली. मडगार्डावरून तिने अंगठा फिरवला. मग ती बाल्कनीत उन्हात गेली.

"काचा काळ्या कशाला केल्यास?"

"तशाच मिळाल्या."

तिने गाडी डोळ्याशी धरली, उन्हाकडे करून, बराच वेळ. खाली रस्त्यावर कुणीतरी कोकरू घेऊन चाललं होतं आणि ते ओरडत होतं.

"सीट पुढे आहे," ती म्हणाली.

"खेळणं आहे, वहिनी. साच्यात कधी कधी..."

"तेव्हाही अशीच होती." तिचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या दिवशी त्याचा कोट आणायला मी पोलिसांच्या आवारात गेले होते. बघितली आणि मागे सारली. सासूबाई जिवंत होत्या. एक मुलगा मातीत गेला होता, दुसरा तुरुंगात जायला नको, म्हणून सारली. वाटलं, तू स्वतः येऊन सांगशील. महिन्याने सांगशील, वर्षाने सांगशील. फोटोवर ती बाटली काढली कुणीतरी, तेव्हा तर वाटलंच."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्ची तिच्या बाजूला होती.

"अकरा वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघतेय, रांगेल. माझा पोरगा बापाला दारुडा म्हणतो आणि मी ऐकून घेते." तिने आत येऊन गाडी टेबलावर ठेवली, माझ्यापासून हातभर दूर. "ओग्न्यान खाली आहे. ही तूच दे त्याला आणि आज सांग. मी गहू घेऊन पायी पुढे जाते."

"सांगतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी सदरा बदलला, उगाचच दाढीही केली, आणि गाडी खिशात घालून उतरलो. ओग्न्यान फाटकासमोर आपल्या जुन्या, खटारा ओपेलमध्ये इंजिन चालू ठेवून बसला होता. मला बघून बाहेर आला, बापासारखाच उंच, दारातून मान वाकवून, आधी गुडघे मग बाकीचं अंग.

"काका, म्हातारा झालास रे."

"तू काय लहान होतोयस?"

तो हसला. मी लाडा त्याच्या हातात दिली. तो तिच्याकडे बघतच राहिला आणि मग त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "आईसाठी आलोय," तो म्हणाला. "कबरीपाशी मी उतरणार नाही, आधीच सांगून ठेवतो. त्याने तुलाही मारलंच असतं त्या दिवशी."

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, चार शब्दांचं. सकाळची वेळ होती, शेजारणी बाकावर बसून आमच्याकडे बघत होत्या. कबरीवरून आल्यावर सांगू, असं मी ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर मला किती बरं वाटलं ते सांगायलाही लाज वाटते.

"तूच चालव, काका," ओग्न्यान म्हणाला. "श्टुटगार्टपासून दोन दिवस एकट्याने आणलीय, पाय गेलेत माझे."

"अकरा वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"कुणी विसरतं होय? दोन वळणं तर आहेत." आणि तो फिरून पलीकडच्या बाजूला जाऊन बसलाही, गुडघे छातीशी घेऊन, ती छोटी लाडा मांडीवर धरून.

मी त्याच्या जागेवर बसलो. आसन अजून गरम होतं. सवयीने मी सीटखालचा दांडा चाचपला, पुढे ओढायला. आणि तेवढ्यात कळलं की माझे दोन्ही पाय पेडलवर बरोबर टेकलेत, आणि स्टिअरिंग माझ्या छातीपासून हवं तेवढ्याच अंतरावर आहे.