बिनहवेचा दिवा

तेल

मेडिकलवाल्याने विचारलं, घरात कोणाचं पोट एवढं अडून राह्यलं बाप्पा? अफरोजने पातळ पॅराफिनच्या दुकानात होत्या तेवढ्या बाटल्या मागितल्या होत्या.

"दिव्याले पाह्यजे," तो म्हणाला.

मेडिकलवाला हसला. मग कोणता दिवा ते त्याच्या ध्यानात आलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. त्याने बाटल्या पिशवीत भरल्या, एक जास्तीची टाकली. वणीत आता सगळ्यांना ठाऊक होतं की मोटरवाल्या अफरोजचा मोठा भाऊ मुजफ्फर दिवाळीपासून एका विहिरीच्या पोटात आहे, आणि अफरोज त्याला आणायला पाण्याखालचा दिवा बनवतो आहे.

कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर दोघा भावांचं दुकान, जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं. सबमर्सिबल मोटर विहिरीत सोडण्याआधी तिच्या पोटात स्वच्छ पाणी भरायचं, हलवून हलवून शेवटचा बुडबुडा काढायचा, मगच बूच आवळायचं, हे मुजफ्फरने त्याला शाळा सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. हवा ठेवशीन तं पानी तिले शोधत येते, असं तो म्हणायचा.

दिव्याच्या पोटात पाणी भरता येत नाही. म्हणून तेल. पाण्यासारखं नितळ, आणि वीज न पिणारं.

त्याआधी, पिशवी

विठ्ठलरावांची विहीर केळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला. चुनखडीचा मुलूख. उन्हाळ्यात विहीर खोल करताना सुरुंगाने तळाजवळची भिंत फुटली आणि मागे पोकळी निघाली. बैल शिरेल एवढं तोंड, आत काय ते कोणाला माहीत नाही. पाणी मात्र असं आलं की उपसून हटेना. मोटर त्या पोकळीतच बसवता येईल का, ते पाहायला मुजफ्फर उतरला. तोंडात पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी, कमरेला दोरी, हातात दुहेरी पॉलिथिनमध्ये गाठ मारून बांधलेली बॅटरी.

दोरी अफरोजच्या हातात होती. एक हिसका म्हणजे सोड. दोन म्हणजे ओढ.

एक हिसका. एक हिसका. मग बराच वेळ एकही नाही.

मग पिशवी वर आली. कोपऱ्याला फाटलेली, तरी पोटात हवा धरून, पाण्यावर हलकेच गिरक्या घेत. तिच्यात बॅटरी नव्हती. नळी ओढली तर ती बुडबुडे सोडत एकटीच आली. दोरी ओढली तर तीही आली, हलकी, टोकाला खडकावर घासून तुटलेली.

जिल्ह्याहून माणसं आली, गळ टाकले, होडीतून काठ्या फिरवल्या. पाठीवरच्या टाक्या घेऊन त्या तोंडातून आत वळता येईना, तेव्हा ती माणसं मान खाली घालून परत गेली. विठ्ठलरावांच्या घरच्या विमलताईंनी, बुडालेलं माणूस शोधायला इकडे सोडतात तसा, द्रोणात दिवा ठेवून पाण्यावर सोडला. तो विहीरभर फिरला आणि त्या तोंडाच्या वर, भिंतीला लागून थांबला. वारा सुटला तरी हलला नाही.

त्या दिवसापासून विठ्ठलरावांनी मोटर चालू केली नाही. समोर हरभरा पिवळा पडत होता. लोकांनी समजावलं तर म्हणाले, "मानूस अंदर हाय. त्याच्या अंगावरचं पानी ओढू काय मी?"

आणि जैनबबी, दोघांची अम्मी, तिने मौलवीसाहेबांना दारातून परत पाठवलं. मय्यत समोर नसताना नमाज नको म्हणाली. "मिट्टी दिल्याबिगर मी त्याले मेला म्हननार नाही." रडायची थांबली होती. फक्त दाराला कडी लावू देत नव्हती.

खटका

नळी: जळालेल्या मोटरचं स्टीलचं कवच, कापून वीतभर.

काच: पाट्या रंगवणाऱ्याकडचं जाड ॲक्रिलिक, खाली पंपाचं रबरी कडं.

मागचं झाकण: सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवलेला, म्हणजे खाली पाणी दाबू लागलं की रबर आत जाईल, तेल सावरून घेईल, काहीच फुटणार नाही.

आत ट्रकच्या पुढच्या पट्टीतले एलईडी आणि ई-रिक्षाच्या बॅटरीतले सेल. राहिला खटका. खटक्याला भोक लागतं आणि भोकातून पाणी येतं. दोन दिवस तो नुसता बसून राहिला. मग छतावरच्या टाकीतला तरंगता गोळा फोडून त्यातला चुंबकाने लागणारा काचेचा खटका काढला. तो आत तेलात, स्पीकरचा चुंबक बाहेर बोटात. चुंबक पुढे सरकवला की उजेड, मागे की अंधार. दोघांच्या मधे अखंड स्टील.

तेल भरलं. हलवलं. एक बुडबुडा काचेमागे अडून बसला होता, डोळ्यातल्या बाहुलीसारखा. दिवा उलटा, आडवा, तिरपा करत त्याने त्याला झाकणापर्यंत आणलं आणि बाहेर घालवलं.

अंगणातल्या ड्रममध्ये दिवा बुडवून लावला. पाणी पांढरं झालं, ड्रमच्या तळातली गंजाची पोपडी न् पोपडी दिसू लागली. अम्मी बाजेवरून उठून आली, वाकून पाहत राहिली.

"याच्यानं दिसन ना त्याले?" तिने विचारलं.

अफरोजला वाटलं, तिला 'तुले' म्हणायचं असेल. त्याने हो म्हटलं.

देव (याचा दिव्याशी संबंध नाही)

मधेच एक दिवस रामसिंग आला. तांड्यावरचा, शेळ्या राखणारा, वयाने बाप शोभेल असा. नव्या देवासाठी झेंडा लावायला जुना पाइप मागायला आला होता.

नाल्यापलीकडच्या टेकडीवर, दुसऱ्या गावच्या शिवारात, एका दगडाजवळ जमिनीला भेग आहे. दिवाळी सरली तेव्हा तो दगड बोलू लागला, असं रामसिंगचं म्हणणं. खालून ठकठक यायची. थांबायची. पुन्हा ठकठक. मधूनच घुमायचा.

"मान्साचा आवाज नाही तो," रामसिंग म्हणाला. "शेळ्या कान टवकारून उभ्या. मी नारळ फोडला, भेगीत टाकला, गूळ टाकला, शेंदूर वाह्यला. दोन-चार दिवस घेतलं त्यानं. मंग शांत झाला."

"पावला म्हना."

"पावला ना."

अफरोजने त्यातल्या त्यात सरळ पाइप निवडला, कानशीने टोक घासून दिलं. पैसे घेतले नाहीत. देवाचं काम.

विझवून

विमलताई सांगायच्या की दिवस कलताना विहिरीच्या त्या तोंडात उजेड दिसतो, खिडकीत ठेवलेल्या चिमणीएवढा. अफरोज मान डोलवायचा. बाईमाणूस, रोज त्या पाण्याकडे पाहते, दिसत असेल काहीतरी.

तो उतरला तेव्हा दुपार कलली होती. दोरी विठ्ठलरावांच्या हातात. नळीचं रबर दातांत कडू लागत होतं. तोंडातून आत शिरला आणि दिव्याने समोरचं सगळं पांढरं केलं: भिंती दुधाच्या सायीसारख्या, छताला चिकटून त्याचेच बुडबुडे पाऱ्यासारखे पळत होते. खाली गाळात मुजफ्फरची बॅटरी पडलेली. पुढे वाट दोन अंगांना फुटत होती, दोन्ही सारख्याच. दिवा जिकडे वळवावा तिकडे वाट असल्यासारखी दिसे.

आपला उजेड असेपर्यंत दुसऱ्याचा दिसणार नाही.

हा विचार त्याला मुजफ्फरच्या आवाजात आला. त्याने चुंबक मागे सरकवला.

अंधार डोळ्यांना हात लावून पाहू लागला. नळीतून येणारी हवा फसफसत होती, की कोणीतरी शेजारी श्वास घेत होतं. मग डावीकडे, लांब, अंधार थोडा कमी काळा झाला. हिरवट. चिमणीएवढा.

तो दिवा न लावता तिकडे गेला. डोकं एकाएकी पाण्याबाहेर आलं.

वर छत, छताला हाताच्या रुंदीची भेग, भेगीतून उतरतं ऊन. आणि उन्हाच्या कडेला, पाण्याबाहेरच्या खडकावर, भिंतीला टेकून मुजफ्फर बसला होता. गुडघे जवळ घेतलेले. हातात दगड. खांद्यावर शेंदराचे ओघळ. शेजारी नारळाच्या करवंट्या एकात एक रचून ठेवलेल्या, आतून स्वच्छ खरवडलेल्या. गुळाच्या कागदाची नीट घडी.

भिंतीवर पांढरे वण होते. दोन. मग दोन. मग दोन. पार हात पुरेल तिथपर्यंत.

ओढ. ओढ. ओढ.

अफरोजने तोंडातली नळी काढली. वर कुठेतरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"रामसिंगदादा," त्याने हाक मारली. आवाज छताला आपटला, फुगला, कोणाचाच राहिला नाही.

घंटा थांबल्या. मग दगडावर नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि भेगीतून गोड पाणी ठिबकत ठिबकत मुजफ्फरच्या केसांवर पडू लागलं. अफरोजने ते तळहाताने त्याच्या थंड चेहऱ्यावरून फिरवलं. कपाळ, गाल, हनुवटी. शेंदूर निघाला तेवढा काढला. हातातला दगड सोडवून आपल्या खिशात घातला, करवंट्या पाण्यात सोडल्या.

मग कमरेची दोरी सोडून भावाच्या छातीखालून बांधली, नळी पुन्हा दातांत धरली आणि दोन हिसके दिले.

देव

दुसऱ्या दिवशी दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर मिट्टी दिली. अम्मीने विचारलं, तेव्हा अफरोज म्हणाला, "लगेच गेला, अम्मी. त्याले समजलंबी नसन." त्या संध्याकाळी तिने स्वतः उठून दाराला कडी लावली. विठ्ठलरावांना निरोप धाडला की पाणी चालू करा.

चार दिवसांनी रामसिंग दुकानात आला. डोक्याला रुमाल बांधून, दुखवट्याच्या बैठकीला आल्यासारखा अवघडून बसला. मोठ्या भावाचं विचारलं. त्यालाही अफरोजने तेच सांगितलं. लगेच गेला.

मग रामसिंग जवळ सरकला. "तुले सांगतो, कोनाले बोलू नको. तो पुन्हा बोलला. माह्यं नाव घेतलं त्यानं. दादा म्हने मले."

"कोपला होता का?"

"नाही," रामसिंग विचार करून म्हणाला. "कोपला नव्हता." त्याने रुमाल सोडून पुन्हा बांधला. "आता रोज फोडू का नारळ?"

अफरोजच्या मांडीवर एक मोटर आडवी होती. तो तिच्या पोटात पाणी भरत होता.

"फोडत जाय," तो म्हणाला. "अन् भेगीत टाकत जाय. भरपूर."

त्याने मोटर हळूच हलवली. आतून एक बुडबुडा तोंडाशी आला, थांबला. अफरोज बूच हातात धरून, तो निघेपर्यंत वाट पाहत राहिला.