शौनकच्या मागे

शौनकनं पुन्हा न सांगता ब्रेक दाबला, आणि मागून येणाऱ्या विश्वेशला सायकल रस्त्याखालच्या मुरमात घालावी लागली.

"थांबताना हात दाखव की."

"अरे, बाग बघ ना. इटलीत तरी आणखी काय वेगळं असणार?"

डावीकडे द्राक्षांच्या ओळी टेकडीवर चढत गेल्या होत्या. तोडणी चालू होती. शौनकनं सायकल बांधाला टेकवली आणि मोबाइल काढला. विश्वेश उतरला नाही. एक पाय पेडलवर ठेवून तसाच उभा राहिला.

शौनक, हे बघ, सप्टेंबरच्या ट्रिपचं

एवढंच वाक्य सकाळपासून त्याच्या तोंडात घोळत होतं. इंदिरानगरहून निघतानाच यशश्रीनं त्याला बाजूला घेतलं होतं. "इटलीत रोज चढ आहेत. शौनकला झेपायचं नाही. तू सांग, तुझं ऐकेल तो. आजच सांग, उद्या तिकिटं काढायचीयत." एवढं बोलून ती सायकलवर पुढे निघून गेली होती. कॉलेजपासूनचे हे तिघे. त्यांचा एक नियम होता. ज्यानं राइड आखली, त्यानं सर्वांत मागे राहायचं. राइड नेहमी विश्वेशच आखायचा. त्यामुळे गिरणारे गाव मागे पडलं तरी त्याच्यासमोर शौनकची पाठच होती.

बांधावर क्रेट रचणाऱ्या बाईंशी शौनकच्या गप्पा सुरूही झाल्या होत्या. भागीबाई त्यांचं नाव. तेही त्यानं विचारून घेतलं होतं.

"मावशी, चाखून बघू का?"

"खा की. पर गोडीला खायची नायत ही. वाइनची हायेत, नुसती सालं अन् बिया."

शौनकनं चार मणी तोंडात टाकले आणि चेहरा वाकडा केला.

"बिया थुका, नायतर पोटात येल उगवंल. मंग मुकादम तिथंबी तोडणीला धाडंल आमाला."

शौनकला हसता हसता ठसका लागला. विश्वेशनं उन्हाकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे.

शौनक, मनाला लावून घेऊ नकोस, पण

"पाणी आहे का रे तुझ्याकडे?" शौनकनं विचारलं. त्यानं विश्वेशची बाटली घेतली आणि अर्धी करून परत दिली.

दिंडोरीच्या अलीकडे तो भज्यांसाठी थांबला.

"खा ना, विशू."

"आपण सायकल चालवायला आलोय."

"मीही त्यासाठीच आलोय. तू पोलीस म्हणून आलायस."

विश्वेशनं टोपी काढली, झटकली, परत घातली. हसला नाही.

शौनक, तुझ्याच भल्यासाठी

भल्यासाठी वगैरे नको. त्यानं ते वाक्यही गिळलं.

परतीच्या वाटेवर समोरून वारा सुटला. पहिल्याच चढाला शौनक उतरून चालायला लागला. विश्वेशही उतरला. आता मात्र बोलायचंच, असं ठरवून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात शौनकच म्हणाला,

"विशू, सकाळपासून एक सांगायचंय. जमेना म्हणून थांबत होतो."

"सांग."

"तू इटलीला येऊ नकोस." तो हँडलकडे बघत बोलत होता. "यशश्रीच मला म्हणाली, 'तू सांग, तुझं ऐकेल तो.' तसं मलाही वाटतं, खोटं नाही बोलत. तुझ्याबरोबर फिरताना परीक्षेला बसल्यासारखं होतं रे."

विश्वेश थांबला. दोघांच्याही जर्सीच्या खिशांतून एकदमच मेसेजची टिंग वाजली. शौनकनं मोबाइल काढून बघितला आणि घाईनं परत ठेवला. विश्वेशनं काढलाच नाही. यशश्रीनं दोघांनाही काय विचारलं असणार, हे त्याला कळलं होतं.

शौनक, तुलाही

हे वाक्य मात्र तयार होतं, धारदार होतं, आणि शौनक समोरच उभा होता. घामानं भिजलेला, माफी मागितल्यासारखा.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे."

विश्वेशनं सीटखालच्या पिशवीतून घडीच्या पान्यांचा जुडगा काढला.

"उतरलेला आहेस तोवर सायकल धर इकडे. तुझं सीट खाली आहे."

"काय?"

"फार खाली आहे. गुडघे सरळच होत नाहीत तुझे. म्हणून दमतोस."

त्यानं बोल्ट सैल केला, सीट चार बोटं वर घेतलं आणि आवळलं. शौनक बिचकतच बसला. दोन पेडल मारली, तिसरं जरा जोरात.

"अरे, हे भारीच झालं की! आत्ता लक्षात आलं तुझ्या?"

"हं."

शौनक वाऱ्यातही न थांबता चढला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला. विश्वेश पाने एकेक करून मिटत राहिला. सीट खाली असल्याचं त्याला सकाळी गिरणाऱ्यातच दिसलं होतं.