जनाज्याचा बारावा सांधा

बदरुद्दीननं आडव्या नळीच्या टोकाला कानशीनं अर्धगोल खाच पाडली, ती उभ्या नळीवर टेकवली आणि उजेडाकडे धरली. दोन्ही नळ्यांच्या मधून केसाएवढाही उजेड येत नव्हता. गुण्या लावून पाहिला, तर काटकोनही चोख. एरवी एवढ्यावर स्वारी खूश होऊन भात्याशी बसली असती. आज त्यानं मान हलवली, ती नळी बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.

वाशीममध्ये मानमोडीचा ताप शिरून महिना झाला होता. प्रेत वाहायचा मशिदीचा लाकडी जनाजा दिवसाला चार-चार खेपा करून मोडला आणि लोक मय्यत खाटेवर घालून नेऊ लागले. जमातीनं कापसाच्या जिनातल्या जुन्या लोखंडी नळ्या आणून बदरुद्दीनपुढे टाकल्या. मोडणार नाही असा जनाजा कर, म्हणाले. अकरा सांधे त्यानं तीन दिवसांत जोडले. बारावा दोन दिवसांपासून अडला होता, आणि दोष लोखंडाचा नव्हता. ओसरीच्या दाराआत, नजरेसमोरच, त्याची बायको मेहरबी तापानं फणफणत पडली होती. जनाजा पुरा झाला की पहिलं माणूस आपल्याच घरचं उचलेल, या धास्तीनं त्याला पछाडलं होतं. हे सांगणार तरी कुणाला? असला अपशकुन मानतो म्हणून मशिदीतल्या हाफिजसाहेबांनी कान उपटले असते.

दुपारी शेजारची सुगराबी आली. एरवी ही म्हातारी दहा घरच्या खबरा घेऊन यायची. आज पदर तोंडाशी धरून नुसती उभी राहिली.

“बद्रू, माहा रऊफ गेला.”

बदरुद्दीनची कानस थांबली. रऊफ त्याचा लंगोटीयार.

“कवा, खाला?”

“आत्ता, घडीभर झाली. खाटेवर नेतो म्हनतात. काल खाटेची दोरी तुटली तं युसूफच्या बापाची मय्यत रस्त्यात पडली. माह्या पोराले तसं नको रे.”

त्याला स्वतःची लाज वाटली. बाजूला टाकलेली नळी त्यानं उचलून जागेवर बसवली, सांध्याला टाकणखाराचा लेप दिला, वर पितळेचे तुकडे ठेवले आणि भाता ओढला. नळी लाल झाली तसं पितळ पाण्यासारखं पळालं आणि खाचेत भरून बसलं. झाला बारावा सांधा. आतून मेहरबीचा खोकला ऐकू आला, तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला.

सांधा निवल्यावर सुगराबी जनाज्याच्या कडेकडेनं चालली. मग फिरून पुन्हा चालली.

“हा आखूड हाये, बद्रू. रऊफचे पाय बाहेर येतीन. कोनाच्या मापानं केला?”

“मापानं म्हंजे... अंदाजानंच, खाला.”

पंचवीस वर्षं लोखंड कापणाऱ्या माणसाचा अंदाज हातभर चुकावा, हे त्याचं त्यालाच पटेना.

“माह्या मापाचा हाये तो, खाला.”

आवाज दारातून आला. मेहरबी कोपरावर भार देऊन उठली होती.

“नळी कापाच्या येळी दर खेपी माह्याकडंच पाहत होते हे. डोक्यापासून पायापरेंत. मी पाहून राह्यली होती.”

बदरुद्दीननं आठवून पाहिलं. तसंच होतं. सुगराबीनं नजर खाली घातली.

“सांधे उकला अन् मोठा करा जी,” मेहरबी नवऱ्याला म्हणाली. “रऊफभाईले घाई हाये. मले नाई.”