मधल्या विमानतळावरून आलेला फोन

आमची मुलगी राहते तिथून इथला विमानतळ अकरा हजार किलोमीटर, आणि मधे एकदा विमान बदलायचं. मी आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे अंतर ऐकलं की मला डिझेल आणि चहाचे थांबे आठवतात. बायकोला हे सांगायला गेलो, तर अर्ध्यातच म्हणाली, "तुमच्या बसने आली असती तर नातवंडं घेऊनच उतरली असती." वाक्य पुरं करू देणं तिला माहीतच नव्हतं.

काल बायकोला तपासून डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. पहाटे तिचं विमान सुटलं. तेव्हापासून बायकोचा एकच प्रश्न, "कुठवर आली?"

"समुद्रावर आहे."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मीही तेच सांगायचो.

"हा समुद्र संपतो की नाही?" ती वैतागून म्हणाली. दुपारी ती गेली. मुलगी तेव्हाही समुद्रावरच होती.

मेहुणी बहिणीच्या उशाशी बसली होती. "भाऊजी, विमान बदलताना ती फोन करेल. सांगून टाका."

"अजून सात तास बसायचंय तिला. अनोळखी माणसांत एकटी रडत राहील."

"आणि दारात आल्यावर कळलं तर?"

तेवढ्यात फोन वाजलाच.

"बाबा, अर्धं झालं. आई कशी आहे?"

"झोपलीय."

"उठवू नका. नुसता तिच्या कानाशी धरा फोन."

मेहुणी हाताने नको नको म्हणत होती. मी धरला. बायकोला कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठाच असायचा, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आई, शेजारचा माणूस घोरत होता, अगदी बाबांसारखा. तुझी निळी शाल घेतलीय, विमानात फार गारठा असतो. जेवणात मीठच नव्हतं. मी सगळं टाकलं. पुढच्या विमानात खिडकी मिळालीय..."

मग ती थांबली. "आई?"

मी फोन माझ्या कानाला लावला.

"बाबा, तिने एवढं कधी बोलू दिलंय मला?"

मी बायकोच्या अंगावरची चादर सारखी केली.

"कधी?" तिने विचारलं.

"दुपारी."

ती मोठ्याने रडायला लागली. मागे कोणीतरी तिला पाणी हवं का विचारत होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बोलावताहेत. जाऊ ना मी?"

"जा, बस विमानात. मी विमानतळावर येतो."

"तुम्ही नका येऊ. आईजवळ थांबा."

फोन ठेवला. मेहुणी डोळे पुसत खिडकीशी गेली. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि बायकोला सांगितलं, "निघाली तिथून. आता मधे समुद्र नाही, सगळी जमीनच आहे."