बाबातुंडे नको

सासरे गेले तेव्हा माझं पोट चांगलंच दिसत होतं. त्यामुळे मुलगा झाला तर नाव काय ठेवायचं, हे आमच्या इसेयिन गावात कुणी विचारलंच नाही. आजा गेल्यावर घरात मुलगा आला की तो बाबातुंडे. म्हणजे 'बाप परत आला'. आमच्या गल्लीत ही हाक मारा, प्रत्येक दारातून एकेक मान बाहेर येईल.

मुलगाच झाला. आठव्या दिवशी, नाव ठेवायला, अंगण माणसांनी भरलं. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, ओलादोकुन काका, नवी टोपी घालून मधाची वाटी घेऊन बसले. बाळाच्या जिभेला लावायला त्यांनी मधात बोट बुडवलं, तोच सासूबाई म्हणाल्या, "ते नाव ठेवायचं नाही."

"वहिनी, दादा परत आलाय! आनंद नाही तुम्हाला?"

"गेला एकदाचा, आता कशाला बोलावताय? या कानानं मला ऐकू येत नाही, भावोजी. कुणाच्या हातानं, ते तुम्हाला माहीत आहे."

"मेलेल्या माणसाबद्दल असं..."

"बरं, मग मांडीवरच्याबद्दल बोलू. याला मी रोज सकाळी 'या धनी' म्हणायचं? पुन्हा गुडघे टेकायचे?"

माझा नवरा लादिपो पुटपुटला, "आई, लोक बघतायत."

"तेव्हाही बघतच होते."

नवऱ्याला तिथंच वाटी फेकून मारावी असं वाटलं मला. पण बाळंतिणीनं गप्प बसायचं असतं म्हणे.

"बाबातुंडे!" काका ओरडले.

जमलेल्यांनी उलट हाक दिली तरच आमच्याकडे नाव बसतं. पुरुषांनी दिली. पण हाकेला जोर असतो तो घरातल्या सुनांचा, आणि त्या सगळ्या गप्प. थोरल्या जाऊबाई तर कोलाची बी चघळत आभाळाकडे बघत होत्या.

काका पुन्हा ओरडले. बाळ दचकून रडायला लागलं.

"सूनबाई, तू तरी बोल!" ते माझ्याकडे वळले.

मी बोलले. "अयोदेले. घरी आनंद आला."

"अयोदेले!" सगळ्या सुना अशा ओरडल्या की कोंबड्या कुंपणावर चढल्या.

काकांचा चेहरा काळवंडला. "मग दादाला या घरात जागा कुठे?"

"पुरलाय तिथे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नातवाला उचलून छातीशी धरलं.

"आई, जरा हळू," मी म्हणाले.

"हळूच धरलाय," त्या म्हणाल्या. पकड मात्र सैल केली नाही.