आईचा होकार

माझा धाकटा भाऊ रेफुहिओ आणि त्याची बायको एरेंदिरा मेक्सिकोतलं मिचोआकान सोडून माझ्यापाठोपाठ अमेरिकेत, याकिमाला सफरचंदांच्या बागांत कामाला आले. इथंच त्यांना मुलगी झाली, युरित्सी. पोर तीन वर्षांची झाली तरी बोलेना. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, दोन भाषांनी तिचा गोंधळ होतो, घरात फक्त इंग्रजी बोला.

मुकादमाशी बोलून बोलून रेफुहिओला इंग्रजी बऱ्यापैकी यायचं. त्यानं घरी येऊन फर्मान काढलं, "आजपासून स्पॅनिश बंद."

"मग मी काय बोलू तिच्याशी?"

"येईल तेवढं बोल. तिच्याच भल्याचं आहे ना?"

एरेंदिराला यायचं ते एवढंच: ये, जेव, झोप, बूट घाल. जिच्या गप्पांनी पॅकिंगच्या शेडमधल्या बायकांची हसून मुरकुंडी वळायची, ती स्वतःच्या घरात मुकी झाली.

पुढं युरित्सीला कंठ फुटला तो असा की थांबायचं नाव नाही. शाळेतलं, स्वप्नातलं, सगळं धाडधाड इंग्रजीत. बापाला कळायचं. आई तिच्या तोंडाकडे बघत "हो, हो" करायची.

"कळतं का गं तुला?" मी एकदा विचारलं.

"कुठलं कळतंय, वन्सं! पण हो म्हटलं की खूश होते."

युरित्सी पाच वर्षांची असताना हिवाळ्यात बर्फावरून रेफुहिओचा ट्रक घसरला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"पोरीला मी सांगते. मला दोन्ही भाषा येतात," मी म्हटलं.

"नको वन्सं. आई मी आहे."

तिनं लेकीला खोलीत नेलं. मी दाराबाहेर उभी होते. "बाबा... नाही. बाबा येत नाही," एवढंच तिला जमलं. युरित्सीनं हळूच काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. एरेंदिराचा रडवेला आवाज आला, "हो, राणी. हो."

पोरगी रडली नाही. शवपेटीजवळही गेली नाही. जेवायची मात्र बंद झाली. दफन झाल्यावर काही दिवसांनी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा म्हणाली, "आत्या, मी पुन्हा दूध सांडणार नाही. मग बाबा येईल?"

"म्हणजे काय गं?"

"माझ्यावर रागावून गेला ना तो. मी आईला विचारलं. ती हो म्हणाली."

मी एरेंदिराला सांगितलं. ती पोरीला छातीशी धरून स्पॅनिशमध्ये बोलत सुटली. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं. बर्फाचं, ट्रकचं, आणि त्या सकाळी बाप निघताना लेकीचं पांघरूण नीट करून गेला होता, ते.

युरित्सी माझ्याकडे बघायला लागली. "काय म्हणते ती?"

मी एकेक वाक्य तिला इंग्रजीत सांगत गेले.

"मग तेव्हा हो का म्हणाली?"

एरेंदिरा म्हणाली, "मला कळलं नव्हतं गं, बाळा."

तेही मी सांगितलं. पोरगी मलाच म्हणाली, "असं कसं कळलं नाही? आई आहे ना ती?"

"काय म्हणाली, वन्सं? सांगा ना."

मी सांगितलं. एरेंदिरानं तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा ॲप्रन कोंबला.

त्या दिवसापासून त्या घरात स्पॅनिश परत आलं. युरित्सी आता अकरा वर्षांची आहे. आईचं तिला बरंचसं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच देते. मनाला काही लागलं की म्हणते, आत्याकडे जायचंय. एरेंदिराच तिला गाडीतून आणून सोडते. "आत ये की गं," मी म्हणते.

"नको. तुम्ही बोला तिच्याशी," म्हणते, आणि आमचं बोलणं संपेपर्यंत गाडीतच बसून राहते.