सकाळचे तीन तास

दर्युतीला शिकवणीतून मिळवायचं होतं ते एवढंच: पोरगी बालवाडीत गेली की सकाळचे तीन तास, मोकळे. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, किनासिहला, गावच्या बालवाडीने दोनदा परत पाठवलं होतं. पोरगी बोलत नाही, हाकेला बघत नाही. मग आरोग्यसेविका कास्मिनी निरोप घेऊन आली. स्वमग्न मुलांच्या आयांसाठी आठ गुरुवार शिकवणी, शेवटी दाखला.

"दाखला पुढे टाकलास की बालवाडीवाल्यांची नाही म्हणायची टाप नाही."

कास्मिनीला दहा आया जमवायच्या होत्या आणि नऊच जमल्या होत्या, हे ती बोलली नाही.

गुरुवारी व्यापाऱ्याच्या ओसरीवर लाल कांद्यांची पात कापायला माणसं लागत. तिथली तिची जागा दुसऱ्याच गुरुवारी शेजारणीने धरली. "तू आता शाळेला जातेस बाई. आम्ही अडाणी बसतो कांदे कापत." दर्युतीने जागा परत मागितली नाही. टोपली घरी आणून कापू लागली, उरलेसुरले कांदे मिळत ते.

शिकवायला शहरातून एक बाई येई. ती सांगे: पोराच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. खेळ मध्येच थांबवा. मनात पाचपर्यंत मोजा, त्याला मागू द्या.

"आणि पाचाला नाही मागितलं तर?" दर्युतीने विचारलं.

"पुन्हा मोजायचं."

"म्हणजे नवऱ्याच्या पगाराची वाट बघतो तसंच की," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. दर्युतीला हसायचं सुचेपर्यंत हसणं संपलं होतं.

घरात खेळणी नव्हती. किनासिह कांदेच रांगेत लावी, लहानापासून मोठ्यापर्यंत. दर्युती पात कापून एकेक टोपलीत टाकी. थप्प आवाज झाला की पोरगी डुलायची. एका संध्याकाळी दर्युती हात पसरून थांबली. पाचपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. चौथ्या खेपेला पोरीने एक कांदा तिच्या तळहातावर ठेवला. तिने टाकला. थप्प. लगेच दुसरा आला. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं दर्युतीला वाटलं. मग तिने पाहिलं, उजेड जात होता आणि अर्धी टोपली बाकी होती.

शेवटच्या गुरुवारी परीक्षा. समोर प्लॅस्टिकचे ठोकळे बघून किनासिह टेबलाखाली शिरली. दर्युती तिच्यामागे आत गेली, ओच्यातून चार कांदे काढले आणि हात पसरला. शहरातल्या बाईंनी वाकून फोटो काढला. दाखला मिळाला.

बालवाडीच्या मुख्य बाईंनी तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"वा, दर्युतीबाई! तुम्ही तर तयार झालात. आमच्या शिक्षिकांना यातलं काही येत नाही हो. मग पोर तुमच्याच हाताखाली राहिलेलं बरं, नाही का?"

दर्युती "बरं" म्हणाली.

कास्मिनीला कळलं तेव्हा तीही म्हणाली, "चुकीचं नाही गं बोलल्या त्या. आणि ऐक, पुढच्या खेपेला शहरातली बाई येणार नाही. तूच शिकव. तुला काय, घरीच असतेस."

कास्मिनीच्या दहा आया भरल्या. शहरातल्या बाईंना फोटो मिळाला, शेजारणीला ओसरीवरची जागा, बालवाडीला निवांतपणा. किनासिहला मागायला एक तळहात मिळाला. तो देणारी मात्र दर्युती एकटीच होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बालवाडीच्या वेळेला, तीच हात पसरून, मनात पाचपर्यंत मोजत बसली होती.